सुधाकरचा हात बघायला मिसिसिपीपर्यंत

सुधाकर रामटेकेचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्राचं क्रीडा पान छपाईला सोडायच्या घाईत होतो. ऐंशीच्या दशकात परदेशातून फोन म्हणजे मोठी गोष्ट. ऑपरेटरने दोनदा नाव विचारून खात्री केली आणि मग विहिरीतून यावा तसा सुधाकरचा आवाज आला.

"मोहन्या, या उन्हाळ्यात इकडे ये. हात बघायचाय माझा."

"ज्योतिषी समजलास काय बे मला?"

"कोपर बघायचंय, कोपर! कुंदाने माणूस शोधलाय. कॅमेरा लावून सांगतो. पण तू पाहिजेस सोबत."

मी येतो म्हणालो आणि पान सोडलं. पैसे साठवलेले होते, रजा साठलेली होती. अमेरिकेला जाणारे नायगारा बघतात, न्यूयॉर्क बघतात. मी एका मित्राचं कोपर बघायला गेलो. आज इतक्या वर्षांनी लिहितोय तर वाटेतल्या सोयीगैरसोयीही सांगतो. त्या रस्त्याने कधी जाणार असाल तर उपयोगी पडतील.

आधी कोपराचं. सुधाकर आणि मी नागपुरात एकाच कॉलेजच्या संघात होतो. तो वेगवान गोलंदाज, लांबून पळत यायचा. मी मिडऑफला उभा राहणारा, कामचलाऊ फलंदाज. एका स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात लेगच्या बाजूला उभ्या असलेल्या पंचाने एकाच षटकात त्याला तीनदा नो-बॉल दिला. कारण, हा चेंडू टाकत नाही, फेकतो. क्रिकेट न बघणाऱ्यांसाठी सांगतो: गोलंदाजाने हात फिरवायचा असतो. कोपर वाकवून झटका दिला की तो चेंडू फेकलेला धरतात. नियमात ती एक चूक आहे. मैदानावर मात्र तो शिक्का असतो. 'फेकी' म्हटलं की माणूस संपला. सुधाकर त्यानंतर कॉलेजकडून एकही सामना खेळला नाही.

तो इंजिनियर झाला, शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला आणि मिशिगनमधल्या ॲन आर्बरला पुलांच्या काँक्रीटची ताकद तपासायच्या कामाला लागला. तिथे रविवारी एका पार्कात भारतीय, पाकिस्तानी, वेस्ट इंडियन मंडळी क्रिकेट खेळत. सुधाकर त्यांचा यष्टिरक्षक. गोलंदाजी कधीच केली नाही. त्या उन्हाळ्यात संघाचा एकुलता एक फास्ट बोलर नोकरी बदलून नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला निघून गेला आणि कॅप्टन सुधाकरच्या मागे लागला. सुधाकरने त्याला सांगून टाकलं, "आधी मला कळू दे. हात वाकत नसेल तर टाकतो. वाकत असेल तर पुन्हा चेंडूला शिवणार नाही."

विमानतळावरून घरी जाताना त्याने मला दुसरी गोष्ट सांगितली, ती कॅप्टनला सांगितलेली नव्हती.

"मोहन, त्या पंचाला माझा हात दिसला की माझं आडनाव, एवढंच मला कळायला पाहिजे."

सुधाकर नागपुरातल्या इंदोऱ्याचा, बौद्ध वस्तीतला. आमच्या संघात त्या वस्तीतला तो एकटा होता. हे त्याने तोवर कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

"पण मी कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"त्या दिवसानंतर प्रत्येकाने काहीतरी पाहिल्याचं सांगितलं. कोणी म्हणे वाकला, कोणी म्हणे नाही. तू एकटा म्हणालास, मला दिसलं नाही."

ते खरंच होतं. मिडऑफवरून कोपर दिसत नाही.

गुरुवारी सकाळी निघालो. गाडी कुंदावहिनी चालवत होत्या. ही सुधाकरची बायको, तीही नागपूरचीच, ॲन आर्बरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. लॅबमध्ये दिवसभर रेडिओवर बेसबॉलचं समालोचन चालू असायचं. रक्ताचे नमुने तपासता तपासता बाई त्या खेळात पुरत्या बुडाल्या. कोण पिचर, म्हणजे त्या खेळातला गोलंदाज, कोणत्या वर्षी कुठे होता, कोणाचा खांदा कधी गेला, सगळं तोंडपाठ. ज्या माणसाकडे आम्ही निघालो होतो तोही त्यांनीच शोधला होता. हॅलोरन नावाचे एक निवृत्त पिचिंग कोच मिसिसिपीच्या काठावरच्या एका छोट्या गावात शनिवारी सकाळी शिबिर घेत. कोणीही यावं, चेंडू टाकावा, व्हिडिओवर स्वतःला बघावं. वहिनींनी फोन करून विचारलं, क्रिकेटवाला चालेल का? ते म्हणाले, हात असला की झालं.

ॲन आर्बर ते शिकागो आय-९४ ने साडेचार-पाच तास लागतात. तेव्हा पंचावन्न मैलांची मर्यादा होती आणि पोलीस झाडांमागे दबा धरून असायचे, त्यामुळे घाई करून फायदा नव्हता. मिशिगनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात हायवे सोडून आत वळलात तर शेताच्या कडेला ब्लूबेरी आणि पीच विकायला बसलेले असतात, ते अवश्य घ्या. हायवेवरची कॉफी मात्र टाळा. आमच्याकडे पोळीच्या गुंडाळ्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती एका रेस्ट एरियात झाडाखालच्या टेबलावर संपवली. स्वच्छतागृहं फुकट आणि स्वच्छ, याचं मला फार अप्रूप वाटलं. पुढे घड्याळ एक तास मागे घ्यावं लागतं, ते विसरू नका.

शिकागोच्या अलीकडे टोल लागतो. काही नाक्यांवर माणूस नसायचा. खिडकीशी एक मोठी प्लास्टिकची टोपली असायची, तिच्यात सुटी नाणी फेकायची, की दांडा वर. एका ठिकाणी वहिनींना पाय मोकळे करायचे होते म्हणून सुधाकर चालवायला बसला. टोपलीशी गाडी आली. त्याने दार अर्धं उघडलं, कमरेपासून बाहेर वाकला आणि नाणी एकेक करून टोपलीत ठेवली. मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

"फेक ना यार!" वहिनी म्हणाल्या.

"पडतील बाहेर."

"भाऊजी, बघा," त्या मागे वळून मला म्हणाल्या, "घरात कागदाचा बोळासुद्धा उठून डब्यात टाकून येतो हा. कुत्र्याला बॉल टाकायचा तर अंडरआर्म."

सुधाकरने दार ओढून घेतलं आणि गिअर टाकला.

शिकागोत आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या एका साध्या मोटेलात उतरलो. डेव्हनवर गाडी लावायला जागा मिळणं हाच एक खेळ आहे. मुख्य रस्ता सोडून बाजूच्या गल्लीत लावा आणि पाटी नीट वाचा. साड्यांची दुकानं, वाण्याची दुकानं, मिठाई, सगळं एकाला एक लागून. एका दुकानात साबुदाणा आणि भाजणी बघून वहिनींनी पिशवी भरली. जेवण पोटभर आणि स्वस्त होतं, पण भाज्यांना सगळीकडे एकच चव. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आमचं मराठी ऐकून विचारलं, "काय, इकडे कोणाकडे आलात?" सुधाकर म्हणाला, "डॉक्टरकडे." एका अर्थी खरंच होतं ते.

शुक्रवारी दुपारी बेसबॉल. शिकागोच्या उत्तर भागातलं ते मैदान तुम्ही चित्रात पाहिलं असेल, ज्याच्या हद्दीच्या भिंतीवर वेल चढलेली आहे. तेव्हा तिथे दिवे नव्हते, म्हणून सगळे सामने उन्हात. सर्वांत स्वस्त जागा मैदानाच्या मागच्या टोकाला, बिनपाठीच्या बाकांवर. तिथेच बसा. ऊन कडक असतं, टोपी हवीच. खायला हॉट डॉग, नाहीतर खारवलेले शेंगदाणे, सालं पायाखाली टाकायची. शाकाहारी माणसाचं शेंगदाण्यावर निभतं.

आमच्या पुढच्या बाकावर वॉल्ट आणि डोलोरेस होते. वॉल्ट निवृत्त पोस्टमन, डोलोरेस एका शाळेच्या ऑफिसात होत्या. नवरा-बायको नव्हेत, बाकावरचे शेजारी. कित्येक उन्हाळे तिथे शेजारी बसून एकमेकांवर खेकसत होते. डोलोरेसच्या मांडीवर एक पुठ्ठा आणि त्यावर स्कोअरचा कागद. त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत देतो.

"याला फास्ट म्हणतात होय?" पिचरकडे हात करून वॉल्ट म्हणाला. "कोवाल्स्की बघायला पाहिजे होता. विस्कॉन्सिनचा, गवळ्याचा पोरगा. त्याचा चेंडू दिसायचाच नाही. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आवाज आला की समजायचं, आला."

"तुला दिसायचा नाही," डोलोरेस कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "कारण तोवर तुझी चौथी बिअर झालेली असायची."

"कोवाल्स्कीचा खांदा दोन सीझनमध्ये गेला," मागून वहिनींनी तोंड घातलं. "ग्रेडीला बघा. इतकी वर्षं झाली, अजून टाकतोय. नुसता जोर म्हणजे फास्ट नव्हे."

वॉल्टने सावकाश मान वळवली. निळी टोपी घातलेली ही सावळी बाई त्याने नीट बघितली.

"तुम्ही कुठल्या?"

"नागपूर."

"कोणत्या स्टेटमध्ये?"

"महाराष्ट्र."

वॉल्टने मान डोलावली, जणू त्या भागात त्याने कधीकाळी टपाल वाटलं होतं. "पण बाई, ग्रेडीच्या त्या पावसातल्या सामन्यात तुम्ही होता का? मी होतो. पहिल्याच इनिंगमध्ये चार धावा खाल्ल्या त्याने!"

"आणि पुढे एकही नाही. ते नाही सांगणार तुम्ही."

"हिला इथे कोणी बसवली?" वॉल्टने डोलोरेसला विचारलं. त्या म्हणाल्या, "मी. कायमची."

असं तास-दीड तास चाललं. त्या बाकांवर लोक सामना बघतात तेवढेच आधीचे सामने पुन्हा खेळतात. मेलेले, रिटायर झालेले, खांदे निखळलेले सगळे पिचर तिथे मैदानात उतरतात. मी वार्ताहर, मला ते ओळखीचं होतं. आमच्याकडे पानाच्या ठेल्यावर हेच चालतं.

बोलता बोलता वहिनींनी सांगून टाकलं की माझा नवराही फास्ट टाकायचा, क्रिकेटमध्ये. वॉल्ट सुधाकरकडे वळला.

"हात सरळ ठेवून ना? मग वेग येतो कुठून?"

"पळून," सुधाकर म्हणाला.

"आणि कोपर वाकलं तर?"

"नो-बॉल. सारखं झालं तर टाकणंच बंद."

"म्हणजे तुमच्याकडे फेकणं हा गुन्हा?"

"हो," वहिनी म्हणाल्या, "आणि हा फरार आहे."

आजूबाजूचे सगळे हसले. सुधाकरही हसला, थोडा उशिरा. हसणं ओसरल्यावर वॉल्टने सरळ विचारलं, "पण वाकायचं का?"

मी चपापलो. नागपुरात हा प्रश्न सुधाकरच्या पाठीमागे शंभरदा ऐकला होता, त्याच्या तोंडावर एकदाही नाही.

"उद्या कळेल," सुधाकर म्हणाला आणि कशासाठी निघालोय ते त्याने सांगितलं.

डोलोरेसची पेन्सिल थांबली. "वाकत असेल तर?"

"तर यष्टिरक्षक. म्हणजे तुमचा कॅचर."

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "हा टाकणारा पोरगा बघा, दुर्बीण आहे ना तुमच्याकडे? पहिल्या इनिंगमध्ये त्याचं कोपर खांद्याइतकं वर होतं. आता बघा किती खाली आलंय. दमला की खाली येतं. हात एकच असतो, पण दिवसभर एकसारखा नसतो."

सुधाकरने माझी दुर्बीण घेतली. पुढच्याच चेंडूवर फलंदाजाने सणसणीत फटका मारला आणि वॉल्टने शिवी हासडली. मग एक पोट सुटलेला माणूस सावकाश चालत पिचरपाशी गेला. तो कोच. त्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला, स्वतःचं कोपर उचलून दाखवलं, दोन शब्द बोलला आणि परत गेला. पिचरने पुन्हा टाकायला सुरुवात केली. सामना संपेपर्यंत सुधाकरने दुर्बीण मला दिली नाही.

संध्याकाळी पश्चिमेला निघालो. शहर संपलं की मका सुरू होतो आणि मग मकाच मका. उन्हाळ्यात तिकडे उजेड फार वेळ टिकतो, त्यामुळे जेवणाच्या सुमारास नदीकाठी पोचलो. मिसिसिपी रुंद, संथ, चहाच्या रंगाची. मोटेल मालक गुजराती निघाले. पटेलकाकूंनी खोली दिलीच, वर खिचडी पाठवली.

शनिवारी सकाळी मैदानावर गेलो. छोट्या व्यावसायिक संघाचं मैदान, मागे गवताची एक पट्टी, तिच्या कडेला पत्र्याची शेड. शेडमध्ये टीव्ही आणि व्हीसीआर. हॅलोरन सत्तरीला आलेले, चेहरा उन्हाने रापलेला, आवाज मोठा. शिबिराला हायस्कूलची काही मुलं, एक ट्रक ड्रायव्हर आणि एक दाताचे डॉक्टर. डॉक्टर कॅचर होते.

त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. प्रत्येकाने चार-पाच चेंडू टाकायचे, एकाने बाजूने चित्रीकरण करायचं आणि लगेच सगळ्यांनी शेडमध्ये जाऊन ते सावकाश चालवून बघायचं. सगळ्यांनी. हॅलोरन दोष सगळ्यांसमोर सांगायचे, हवामान सांगावं तसा. "एड, खांदा आधीच उघडतोस. पुन्हा." ट्रक ड्रायव्हर एड मान हलवून पुन्हा जायचा. कोणी ओशाळत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. पोरं एकमेकांच्या चुका बघायला पुढे सरकून बसत.

सुधाकरची पाळी आली. त्याने पिशवीतून लाल चेंडू काढला. मग पावलं मोजत मागे निघाला. चालतच राहिला.

"कुठे निघाला हा?" एडने मला विचारलं. "गावाला?"

"चेंडू माझ्याकडे कसा येणार?" दाताच्या डॉक्टरांनी ओरडून विचारलं.

"टप्पा पडून!" वहिनी ओरडल्या.

"टप्पा? मुद्दाम?"

सुधाकर पळत आला. पोट थोडं आलेलं, केस विरळ झालेले, पण ती धाव तीच होती, मी डोळे मिटूनही ओळखली असती. चेंडू टप्पा पडून उसळला आणि डॉक्टर बाजूला झाले. दुसरा त्यांच्या नडगीवर बसला. पुढच्या चेंडूआधी त्यांनी पायाला पॅड बांधून घेतलं. चेंडूचा वेग मोजायची रडार गन हातात धरलेल्या मुलाने आकडा सांगितला. हॅलोरनना तो काही विशेष वाटला नाही.

"एवढं पळून एवढंच? हा पोरगा उभ्या जागेवरून याच्यापेक्षा जोरात टाकतो. फेकून का नाही देत सरळ?"

"तेच तर करायचं नाही," सुधाकर म्हणाला.

पोरं खिदळली. सुधाकरचा चेहरा बदलला. आता तो आणखी मागे गेला आणि पुढचे दोन चेंडू त्याने जीव काढून टाकले. दुसऱ्याला डॉक्टरांचा ग्लोव्ह हातातून निघून मागे पडला.

आम्ही शेडमध्ये गेलो. टीव्हीवर सुधाकर सावकाश, पाण्यात चालल्यासारखा पळत आला. पहिला चेंडू: हात काठीसारखा सरळ. दुसरा सरळ. तिसरा सरळ. वहिनींनी माझा दंड धरला होता, त्यांची बोटं रुतत होती. चौथाही सरळ. मग ते शेवटचे दोन. हॅलोरननी टेप थांबवली, मागे घेतली, पुन्हा चालवली. कोपर दुमडलं आणि झटक्याने उघडलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. मिडऑफवरून दिसलं नसतं, बाजूने लहान मुलालाही दिसलं असतं.

"झालं," सुधाकर म्हणाला.

"काय झालं?" हॅलोरन.

"हा थ्रो आहे. मला हेच बघायचं होतं. थँक यू." आणि तो उठला.

"बस खाली. काय थ्रो घेऊन बसलास? डावा हात बघ तुझा." त्यांनी टीव्हीच्या काचेवर बोट आपटलं. "जोर लावायला गेलास की डावा हात आधीच खाली पडतो. डोकं बाहेर जातं. मग उजव्याला वर यायला जागा कुठे आहे? तो जवळची वाट काढणारच. डावा वर ठेव, उजवा आपोआप सरळ येईल. पंधरा दिवसांचं काम आहे. तुझा कोच काय म्हणाला होता?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"पुढच्या सामन्याला त्यांनी माझं नाव घातलं नाही."

हॅलोरननी वहिनींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा टीव्हीकडे. "यासाठी?"

वहिनींनी होकारार्थी मान हलवली.

"चल, पुन्हा," ते म्हणाले. "डावा हात."

जेवणाची वेळ होईपर्यंत सुधाकर टाकत होता. आधी चालत, मग अर्ध्या धावेने. एड मागे उभा राहून दर वेळी ओरडायचा, "लेफ्ट! लेफ्ट!" शेवटी जोराच्या चेंडूंपैकी बरेचसे सरळ येऊ लागले, काही नाही. निघताना डॉक्टरांनी नडगी दाखवून सांगितलं की दातदुखी झाली तर माझ्याकडे येऊ नका.

परतीच्या वाटेवर पेट्रोल आणि सँडविचेससाठी थांबलो, तेवढंच. इलिनॉय अर्धं ओलांडेपर्यंत सुधाकर खिडकीबाहेरचा मका बघत होता. मला वाटलं, शंकेतून सुटला बिचारा. तसं नव्हतं.

"त्या पंचाला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या," तो म्हणाला. "त्याने बरोबर पाहिलं होतं. हातच पाहिला होता त्याने."

"मग बरं झालं ना," मी म्हणालो.

"दिनू आठवतो? त्याचा पाय रेघेच्या पुढे पडायचा. दर षटकात नो-बॉल."

आठवत होतं. दिनू आमच्या संघाचा दुसरा फास्ट बोलर, आमच्या कोच सरांच्या ओळखीतल्या घरचा.

"सरांनी त्याला रोज संध्याकाळी थांबवून घेतलं. चुन्याची रेघ मारून. महिनाभर. मी बाजूला उभा राहून चेंडू परत द्यायचो त्याला." तो खिडकीकडून माझ्याकडे वळला. "पंचाने हात पाहिला, मोहन. नंतरच्यांनी काय पाहिलं, ते कोणत्या कॅमेऱ्यात सापडणार?"

वहिनींनी रेडिओ लावला नाही, हे त्या प्रवासात पहिल्यांदाच झालं.

"उद्या टाकणार आहेस का?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"वाकतो, बघितलंस ना? मी काय म्हणालो होतो? वाकत असेल तर शिवणार नाही."

"कधी कधी वाकतो," वहिनी म्हणाल्या. "तू काल जे बोललास ते कालच्या माहितीवर. हॉस्पिटलात नवा रिपोर्ट आला की औषध बदलतात. जुन्या कागदावर अडून बसत नाहीत."

सुधाकर पुन्हा खिडकीकडे वळला. इंडियानात तो झोपला, किंवा झोपल्यासारखा पडून राहिला.

रविवारी ॲन आर्बरच्या पार्कात सामना होता. तिकडे गेलात तर हे क्रिकेट जरूर बघा. फुकट असतं, आणि चहाच्या वेळी गयानाच्या बायका घरची रोटी आणि रस्सा आणतात. खेळपट्टी म्हणजे गवतावर अंथरलेली काथ्याची चटई. पंच फलंदाजी करणाऱ्या संघाचेच असायचे. त्या दिवशी लेगच्या बाजूला मि. ॲलन उभे होते. मूळचे बार्बाडोसचे, विद्यापीठात गणित शिकवायचे, कधी हसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

कॅप्टनने सवयीने सुधाकरकडे ग्लोव्ह फेकले. सुधाकरने ते उचलून दुसऱ्या एकाला दिले आणि चेंडू मागितला. मग तो टाकायला न जाता मि. ॲलन यांच्याकडे चालत गेला. मी हद्दीजवळ होतो, वहिनींच्या शेजारी. काय बोलला ते नंतर कळलं: "मि. ॲलन, मी जोर लावला की माझं कोपर कधी कधी वाकतं. वाकलं की नो-बॉल द्या. प्रत्येक वेळी."

मि. ॲलन म्हणे त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तरुण मित्रा, स्वतःवरच फिर्याद घेऊन आलेला गोलंदाज मी पहिल्यांदा पाहतोय."

पहिलं षटक सरळ गेलं. दुसऱ्यात एका पोराने सुधाकरला लागोपाठ दोन चौकार मारले आणि मैदानाच्या त्या टोकावरून मला दिसलं, तो चिडला. तो धावत आला, चेंडू सुटला, यष्टी उडाली आणि त्याच क्षणी मि. ॲलन यांचा हात आडवा झाला. "नो-बॉल!"

आमच्या लोकांनी ओरडायला तोंडं उघडली होती, ती तशीच राहिली. वहिनी उभ्या राहिल्या. नागपूरच्या त्या सामन्यात तिसऱ्या नो-बॉलनंतर सुधाकरने चेंडू खाली ठेवला होता आणि कोणाकडे न बघता मैदानाबाहेर गेला होता.

आता त्याने मि. ॲलन यांच्याकडे बघून मान हलवली. डावा हात उंच करून एकदा हवेत फिरवला, स्वतःलाच दाखवल्यासारखा. मग वळला आणि चालत गेला, मागे, आणखी मागे, झाडाच्या सावलीपर्यंत.

"लेफ्ट!" वहिनी ओरडल्या.

तो पळत आला. चेंडू सरळ हातातून सुटला. मि. ॲलन यांचे दोन्ही हात पाठीमागे होते.

मी आठवड्याने परतलो. त्या प्रवासाचा हिशेब मांडायचा तर खर्च झेपण्याइतका झाला, रस्ते उत्तम, मोटेलं बरी, बेसबॉल मला अजून निम्माच कळतो. सुधाकर पुढे गुडघे साथ देत होते तोवर त्या पार्कात टाकत राहिला. वर्षाकाठी एखाददुसरा नो-बॉल मिळायचा, तो फोनवर स्वतःहून सांगायचा. आणि माझ्या पानावर कोणी वार्ताहराने 'फेकी गोलंदाज' असं लिहून आणलं की मी बातमी परत करायचो: कोणता चेंडू, कोणत्या षटकात, ते लिही.

त्या उन्हाळ्यात नागपुरात पोचल्यावर जुन्या संघातले आम्ही काही जण मैदानासमोरच्या टपरीवर जमलो. सगळ्यांना एकच गोष्ट ऐकायची होती. दिनू सर्वांत पुढे.

"मग? होता का फेकी?"

मी जे पाहिलं ते सांगितलं. बहुतेक चेंडू सरळ. जोराचे वाकडे. कारण डावा हात. पंधरा दिवसांचं काम.

"एवढंच?" दिनू म्हणाला. "मग तेव्हा कोणी सांगितलं का नाही त्याला? मला तर सर रोज संध्याकाळी थांबवून..."

चहा आला. त्याने तो बराच वेळ उचलला नाही.